एक्केचाळीस नंबरचा खांब

चौतीस वर्षं मी शिरोड्यात लाइट आणली,
आणि निवृत्त झाल्यावर शालननं मला
मेणबत्त्या करायला बसवलं.

मेण तिठ्यावरच्या खुरसाकडचं.
क्रिस्तीन दर सोमवारी डबाभर तुकडे आणते,
कुणाच्या बोटीवरच्या मुलासाठी लावलेले,
कुणाच्या कोर्टातल्या तारखेसाठी.
मी त्यातून वाळू, मुंग्या, जळक्या वाती काढतो,
तांदूळ निवडावेत तशा,
मग सगळ्यांचं मागणं एकाच पातेल्यात,
उकळत्या पाण्यावर.
त्यात थोडं कोकमतेल, टाचांना लावतो तेच.
"जास्त नको," शालन म्हणते, "नायतर हातातच मोडतली."

साचे चिव्याच्या कांड्यांचे, उभे चिरलेले,
फ्यूजच्या तारेनं आवळलेले.
एवढंच माझं डोकं चाललं.

फुलं तिच्या ताब्यात.
दाबायला तिनं माझं लाइनचं रजिस्टर घेतलं,
लाल पुठ्ठ्याचं, ऑफिसात जमा करायचं राहून गेलेलं.
वर वजनाला
खांबावरून उतरवलेला चिनीमातीचा इन्सुलेटर.
इथल्या हवेत सगळंच ओलावतं, मीठ, माचिस, माणूस.
दिवसाआड पान बदललं नाही
तर पाकळीला केस फुटतात.

अबोली पंधरा दिवसांत चहाच्या रंगाची.
सुरंगी गंजते, पण वास सोडत नाही.
गोकर्णाचं निळं विरून जातं.
टिकतो नेचा.
आणि टिकतो सड्यावरचा तेरडा,
ज्याचा रंग तीन दिवस म्हणून सगळे हसतात,
तो माझ्या रजिस्टरात तीन वर्षं जांभळा आहे.

चमच्याची पाठ तापवायची,
फुलावरून फिरवायची, फूल मेणात बसतं.
मग एकदाच, पटकन, पातळ मेणात बुडवायचं.
अकरा हजारांच्या तारा ओढलेला माझा हात
पाकळीपुढे कापतो.
पहिल्या बारा बिघडवल्या.
तेरावीत एक मुंगी राहिली,
नेच्याच्या देठावर अर्ध्यात.
शालन म्हणाली, ऱ्हवांदे.

ऑक्टोबरात वादळ आलं.
तिसऱ्या रात्री गौरेश तारी दारात,
नवा वायरमन, बाह्यांतून पाणी गळतंय,
मोबाइल मेलेला, नकाशा मोबाइलातच.
"काका, मोचेमाडची जुनी लाइन
खंयच्या खांबार वळता?"

मला सांगता येईना.
पायांना वाट पाठ होती,
नंबर कधीच गळून गेले होते.

शालननं रजिस्टर आणलं, आणि ती मुंगीवाली मेणबत्ती.
पानं उलटताना फुलं सांडत गेली,
माझ्या मांडीवर, गौरेशच्या ओल्या बुटांवर.
माझं तरुणपणीचं अक्षर, घाईचं, उजवीकडे कललेलं:
अडतीस, नारळाच्या वाडीत.
एकोणचाळीस, कुंपणाला लागून.
चाळीस, खाडीच्या कडेला, खाली काटे.
पुढची ओळ नव्हतीच,
तिथे एक तेरडा चिकटलेला,
आणि भोवती त्याचा जांभळा डाग.

गौरेशनं नखानं फूल सोडवलं,
पान ज्योतीसमोर धरलं.
डागातून शाई हळूहळू वर आली:
एक्केचाळीस. मोरीच्या उजवीकडे. इथून वळण. ताण बघणे.

"ह्या काय काका," तो म्हणाला, "खांबाक फूल?"
आणि गेला.
फूल त्यानं खिशात घातलं,
चुकून की मुद्दाम, विचारायचं राहिलं.

आम्ही दोघं बसून राहिलो.
ज्योत आता मेणाच्या आत उतरली होती,
बाहेरची भिंत उभी, आतून पेटलेली,
नेच्याची शीर न् शीर दिसत होती
आणि मुंगी, इतकी काळी, इतकी स्पष्ट,
की चढतेच आहे असं वाटावं.
कुणाच्या कोर्टाची तारीख जळत होती यात,
कुणाचा मुलगा घरी पोचला असेल का.

पहाटे कधीतरी बल्ब लागला.
पंखा कुरकुरला, फ्रीज हादरून उठला,
खालच्या वाडीत पोरांनी आरोळी ठोकली.
मी मनात म्हटलं, शाबास रे गौरेश.

शालन उठली,
बटण बंद करून आली,
आणि परत येऊन बसली.