तोगावाचा डब्ल्यू

दांडिया बाजारात आमचं जर्सी छापायचं दुकान.
मंगळवारीच डब्ल्यू संपला.
एकोणीस पोरं, एकोणीस पाठी, नाव एकच: तोगावा.
मी एम उलटा करून चिकटवला. जरा ताठ दिसतो.
“चालशे, काका!”

“गोल किती मारतो रे हा?”
“खेळवतात कुठे त्याला!
शेवटची सात मिनिटं.
पण आत जाताना मैदानाला वाकतो,
बाहेर येताना परत.”

निंबाळकरांचा ओजस शेवटी आला.
शाळेच्या टीममध्ये हा पाण्याच्या बाटल्या राखतो.
शर्ट अजून कोमट होता.
अंगात घातला नाही,
नाव आत जाईल अशी घडी केली,

आणि पायरी उतरण्याआधी
वळून दुकानाला वाकला.

माझ्या हातात गरम इस्त्री.
तशीच धरून
मीही थोडा.