अकरा चाळीसची नोंद

मनोरा बत्तीस मीटरचा. पट्टा कमरेला, फडकं दातांत.
वर तीन बोटांचं यंत्र वारा चाखत बसलेलं,
सेकंदाला दहा वेळा:
किती वाफ वर गेली, किती ऊब तिच्यासोबत,
लेना नदीपल्याडच्या लार्चांचा जमाखर्च.
माझं काम, त्या बोटांमधलं कोळिष्टक पुसायचं.
जुलैत डासही अडकतात. एका डासाने
एकदा अख्खी दुपार खोटी पाडली.

खाली दीड मीटरवर जमीन गोठलेली,
माझ्या पणजीच्या पणजीआधीपासून.
उन्हाळ्यात तिचा वरचा थर सैल होतो,
झाडं ते बर्फाचं पाणी ओढतात
आणि सुयांवाटे सोडून देतात.
पाऊस इथे बेताचाच.
रान तगतं ते या उसनवारीवर.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते हसले.
जन्मभर त्यांनी तेच केलं होतं:
नोव्हेंबरात करवत घेऊन तळ्यावर,
बर्फाच्या लाद्या कापायच्या, घसरगाडीवरून घरी,
मग चुलीवर एकेक तुकडा, पिण्यापुरता.
"म्हणजे लार्च आमच्याच धंद्यातले,"
म्हणाला स्पिरिदोन म्हातारा.

दुसरा मनोरा जळक्या पट्ट्यात.
तिथे आकडे उलटे. वाफ नावाला,
सगळं ऊन नुसत्या गरम हवेत.
शाळेत शिकले होते, गुप्त उष्णता:
पाण्याची वाफ होताना ती खर्च होते
आणि तापमापीला पत्ता लागत नाही.
बाबा चौथीपर्यंत शिकलेले. काळ्या बुंध्यांत उभं राहून
टोपी काढली, गाल वाऱ्याकडे केला:
"इथे उन्हाला लपायला जागाच नाही."

त्याच जुलैत हट्टाने वर चढले, सत्तराव्या वर्षी,
प्रत्येक फळीवर थांबत, मला शिव्या घालत.
पोचल्यावर थर्मास उघडला
यंत्राच्या अगदी तोंडाशी.
चहाची वाफ, तिच्यावर त्यांची धाप.
"बाबा, बाजूला व्हा!"
"का? मीपण रानातलाच."

संध्याकाळी पडद्यावर उंच सुळका.
नियम साफ आहे: माणसाचा श्वास म्हणजे चूक.
मी खोडला.
आता तिथे शेजारच्या आकड्यांची सरासरी आहे,
कुणाला शंकाही येणार नाही अशी.

फक्त कागदी नोंदवहीत, समासात, पेन्सिलीने:
चौदा जुलै, अकरा चाळीस.
व्यत्यय. बाबा.
वारा मंद, नैर्ऋत्येचा.