चार सूत

विजेच्या बिलामागे पहिली रेघ मारली
ती अठ्ठेचाळीस इंच.
रुंदी अठरा, उंची अठरा, काच दहा एमेम.
उद्यमबागेतली भट्टी निवली त्या आठवड्यात
मालकांच्या केबिनमधली ही टाकी
माझ्या राहिलेल्या पगारात धरली गेली.
दोन मासे त्यातच आले. त्यांची नोंद नाही.

मासे सध्या बादलीत आहेत.
शेवंता वर चाळण झाकते,
चाळणीवर वरवंटा, मांजरासाठी.
"वजन किती व्हायचं?"
पाणी, वाळू, काच, दगड
तीन क्विंटल धर.
"म्हणजे सहा पोती तांदूळ. आणि तेही या भिंतीला?
बघा की जरा."

म्हणून बघायलोय.
फरशी मोरीकडं दोन सूत उतरते.
अनगोळच्या या घरात अठ्ठावीस वर्षं राहून
मला ठाऊक नव्हतं.
सांडलेल्या चहाला ठाऊक होतं.
नळीत पाणी भरून पाणसळ लावली,
पाण्याला ठेवायचं तर त्यालाच विचारावं.
डाव्या पायाखाली पाचर. बिलावर खूण.

खानापुरात बसलिंगाप्पाच्या वखारीत
सागाचा भाव ऐकून मत्तीकडं वळलो.
"एष्ट वज्जा री?"
मी आकडा सांगितला.
त्यानं फळीच्या टोकावर टकटक केलं, कान दिला,
एक बाजूला काढली, दोन परत ठेवल्या.
आडवं लाकूड पायाच्या डोक्यावर बसलं पाहिजे,
स्क्रूला लटकायचं नाही,
हे मी मराठीत म्हणालो
आणि तो कन्नडमध्ये तेच म्हणत होता.

खाली कपाट. दोन दारं.
मागच्या फळीला भोक, फिल्टरच्या नळीपुरतं.
वायरीला खाली झोळ द्यायचा,
थेंब घसरत आला तर झोळातच गळावा,
बटणापर्यंत पोचू नये.
हे एवढं शेवंताला आवडलं.
तिनं दोनदा विचारलं.

मी पॅटर्नमेकर.
बत्तीस वर्षं लाकडाचे पंप केले,
लाकडाचे गिअर, लाकडाच्या पुली.
वाळूत दाबायचे, हलकेच उपसायचे,
राहिलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं.
माझं लाकूड मग रॅकवर, नंबर टाकून, धुळीत.
पंप घेणाऱ्यानं कधी विचारलं नाही.
का विचारावं?

लोखंड निवताना आकसतं, शंभराला एक.
म्हणून आमची पट्टीच वेगळी,
तिच्यावरचा फूट
बाजारातल्या फुटापेक्षा थोडा मोठा.
जे अजून झालेलं नाही
त्याच्यासाठी आधीच सैल.

काल सांगाडा जोडला. टाकी वर धरून पाहिली.
लांबीत चार सूत जास्त. रुंदीत दीड.
पुन्हा मोजली. तेच.
मग पट्टी उजेडात नेली,
आणि तिथंच, दारात, बसलो.

शेवंता हसली नाही.
"पाणी काय आकसतंय व्हय?" एवढंच म्हणाली,
आणि त्या फटीत करंगळी घालून पाहिली.
जात नाही.

कापता आलं असतं.
रंधा काढलाही होता.
पण हे लाकूड कुणी वाळूतून उपसणार नाही,
याच्या जागी काही ओतणार नाही,
हेच राहणार, हेच उभं राहणार सहा पोत्यांखाली,
तर असू दे, म्हटलं, दोन्हीकडं दोन-दोन सूत,
फडक्यानं पुसायला बरं.

दाराच्या आतून सवयीनं ब्रश फिरला.
शेवटच्या पॅटर्नचा नंबर अकराशे चौऱ्याऐंशी होता.
मी पंचाऐंशी घातला. शेवंतानं पाहिलं नाही,
किंवा पाहिलं.

उद्या थर्माकोल, त्यावर टाकी.
पाणी निम्मंच भरायचं, रात्रभर थांबायचं,
फरशी काय म्हणते ते ऐकायचं.
मग उरलेलं.
बादलीतल्या दोघांना अजून
काही सांगितलेलं नाही.