पांढरा सोडून

डबीत बारा वड्या आहेत, पांढरी नाही.
दोनदा मोजल्या,
फुटलेलं पार्सल तपासावं तशी
कोपऱ्याकोपऱ्यातून बोट फिरवून.
एकतीस वर्षं इनारी सरोवराच्या काठाने टपालाची गाडी हाकली,
कमी-जास्त लगेच कळतं मला.

निवृत्त होताना बाकीच्यांना मिळतो गळ, नाहीतर थर्मास.
मला रंग.
कल्पना सिर्क्काची. म्हणे, तू एकदा गाडी थांबवून
आकाशाबद्दल काहीतरी बोलली होतीस.
मला आठवत नाही.
गाडी थांबवली असेल रेनडिअरसाठी.

दीड वर्ष डबी विजेच्या बिलांखाली.
आज मार्च, उणे अकरा,
उजेड असा की सुरकुत्यासुद्धा मोजून घ्याव्यात,
आणि मी गोठलेल्या पाण्यावर, ढकलगाडीच्या फळकुटावर,
मांडीवर पाव कापायची पाटी, पाटीवर कागद,
मुरंब्याच्या बरणीत पाणी.

समोर पलीकडचा काठ, पाइनची एक ओळ,
अलीकडे एकटा भूर्ज, वाऱ्याने कमरेत वाकवलेला.
सोपं वाटलं.
निळा इथे, काळपट हिरवा तिथे,
ज्याला त्याला आपापलं घर, घराला नंबर.
पण पाण्याला पत्ता वाचता येत नाही.
निळा न विचारता हिरव्याच्या दारात शिरला,
तिथून दोघं मिळून भूर्जाच्या अंगावर,
आणि झाड बसलं
पाय सुजलेल्या म्हातारीसारखं.

ओउला आला, खांद्यावर बर्फाला भोक पाडायचं गिरमिट.
बराच वेळ पाहिलं त्याने.
"रेनडिअर?"
"झाड."
"आजारी आहे," म्हणाला, हळू आवाजात,
झाडाला ऐकू जाऊ नये म्हणून.

तेवढ्यात कुंचला खिळ्यासारखा ताठ.
ओउलाने कोटातून बाटली काढली.
मला वाटलं, आता मला धीर देणार,
तर त्याने धीर दिला बरणीला, अर्धा घोट.
"गाडीच्या काचेचं पाणी विसरलीस होय?"
उरलेलं स्वतः प्याला.

अर्धा घोट पुरला नाही.
मी आकाश फासलं, आडवं, एका दमात,
आणि ते माझ्या देखत थिजू लागलं.
कडेने सुया,
सुयांना फाटे, फाट्यांना पिसं,
मग नेच्याची पानंच पानं, एकातून एक,
मी न काढलेली,
सात जन्म बसले तरी माझ्याच्याने न होणारी.
ओउलाने टोपी काढली.
का, ते त्यालाही माहीत नसावं.
परत घातली.

घरी आणून चुलीपाशी ठेवलं. चूक.
पानं सुटली, ओघळली,
राहिल्या नुसत्या फिकट खुणा,
काचेवर कुणी श्वास टाकून
काही लिहिण्याआधीच निघून गेल्यासारख्या.

सिर्क्काला फोन लावला. आधी तक्रार.
"पांढरी वडी आलेली नाही."
ती हसली, इवालोच्या टपालखोलीत
पोती सरकायची तशी, खरखरत.
"अगं, ती मीच काढून घेतली. पाण्याच्या रंगात लागत नाही.
बर्फ हवा तिथे हातच लावायचा नाही."
"हे आधी सांगायचं."
"तू डबी उघडशील असं कुठे वाटलं होतं."

मग दिव्याखाली नीट पाहिलं.
मी तर सगळीकडे हात लावून ठेवलेला,
काठ, पाइन, आकाश, तो बिचारा भूर्ज.
फक्त खाली डावीकडे, जिथे अंगठ्याने
कागद पाटीवर दाबून धरला होता,
तिथे अंगठ्याएवढा तुकडा कोरा.
बर्फासारखा बर्फ तेवढाच.

वाळल्यावर उलटा केला.
मागे सिर्क्काचं नाव, गल्ली, पिनकोड.
वरचा उजवा कोपरा, सवयीने,
मोकळा सोडला तिकिटासाठी.