चिंचोके

दारात शंभर रुपये द्यायचे,
नसतील तर वीस,
तेही नसतील तर कांदे चिरायला बसायचं.
बदल्यात खिचडी, कढी, भाजका पापड
आणि एक चिंचोका.
चिंचोका म्हणजे मत.
हरवला तर दुसरा मिळणार नाही,
असं फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय.

जेल रोडच्या शाळेची गच्ची, महिन्याचा शेवटचा शनिवार.
नाशिकचा जानेवारी, वाढेपर्यंत कढी निम्मी गार.
मी कढीवर असते. कढीवर माणूस कळतो:
कुणी खिचडीत आळं करतं, कुणी वाटी पुढे धरतं,
कुणी "बास, बास" म्हणतं
आणि पान मात्र झाकत नाही.

जेवणं चालू असताना एकेकानं उठून बोलायचं,
चार मिनिटं, माइक नाही.
रुबीना आत्तारला हवं होतं ओव्हरलॉकचं मशीन,
गल्लीतल्या सात मुलींत मिळून एक.
दोन पोरांनी नासर्डीचं पाणी आणलं बाटलीतून
आणि ठेवली ती पंगतीच्या मधोमध.
"अरे, पापड तरी संपू द्या," कुणीतरी ओरडलं.
मग हिरामण लिलके उठला, पेठकडचा.
खिशातून कागद काढला, बघितला, परत ठेवला.
म्हणाला, "आम्ही नाक्यावर सहाला येऊन उभे राहतो.
काम मिळालं तर दिवसभर उभंच.
मिळेपर्यंत तरी बसू.
एक बाकडं पाहिजे."
चौथं कोण बोललं, आठवत नाही.

बिस्किटांचे रिकामे डबे, त्यांत चिंचोके पडतात,
आवाजावरूनच कळतं कुठला भरत चाललाय.
पैसे गायधनी काका मोजतात.
तेहतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात काढलेला माणूस,
अंगठा न भिजवता मोजतो.
सांगतात, एक कागद कमी भरला
तर अख्खी पाळी फाटकाच्या आत थांबायची.
"एवढ्या नोटा हातातून गेल्या,
पण एकीचंही पुढं काय झालं
ते नाही कळलं."
म्हणून हिशोबाच्या वहीत
त्यांनी एक रकाना जास्तीचा आखलाय:
पुढं काय झालं.

त्या महिन्यात रुबीना जिंकली.
पुढच्या महिन्यात बाटलीवाली पोरं.
हिरामण दोन्ही वेळा हरला,
दोन्ही वेळा पातेली घासूनच गेला.
महापालिका उचलून नेईल बाकडं, मी म्हणाले,
आणि माझा चिंचोका दुसऱ्या डब्यात टाकला.
खरं सांगायचं तर
तो नाका आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर आहे.

तिसऱ्यांदा तो नुसता उभा राहिला.
"तेच," म्हणाला, आणि खाली बसला.
गच्चीभर हसू.
त्या रात्री सात हजार चारशे तीस रुपये जमले,
आणि एक विदेशी नाणं, कुणाचं ते कळलं नाही.
डबा हिरामणचा भरला.
त्यात माझा चिंचोका होता की नाही,
ते मी सांगणार नाही.

सातपूरला वेल्डिंग झालं. हिरवा रंग.
पहिल्या सकाळी मी चहा घेऊन खिडकीत.
बाकड्यावर कुणीच नाही.
दुसऱ्या सकाळीही नाही.
माणसं उभी, रस्त्याकडे तोंड करून, नेहमीसारखी,
आणि बाकड्यावर ओळीनं
स्टीलचे डबे, प्लॅस्टिकच्या पिशव्या,
एक थापी, एक लहान मुलाचा स्वेटर.

शनिवारी काकांनी वही उघडली.
हिरामण डोकं खाजवत म्हणाला,
"बसलेला माणूस मुकादमाला म्हातारा दिसतो.
कोण बसंल?
पण डबे बसतात.
आधी खाली ठेवायचो, कुत्री तोंड घालायची."

काका पेन धरून थोडा वेळ थांबले.
मग जास्तीच्या रकान्यात,
छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं:
डबे बसतात.
आणि माझ्याकडे वाटी पुढे केली.