वाकायचं नाही

पस्तीस वर्षं मी वाकलो म्हणून जेवलो.
दिवसाला तीनशे मेंढ्या,
एकेकीची मान गुडघ्यांत, उजव्या हातात गुरगुरती कातर,
तुळईला टांगलेल्या स्प्रिंगच्या झुल्यात छाती टाकलेली,
म्हणजे पाठीला वाटावं, कुणीतरी धरलंय.

डनीडिनच्या डॉक्टर प्रिंगलनी पडद्यावर बोट ठेवलं:
हा चौथा मणका, हा पाचवा. मधली गादी गेली.
मी म्हटलं, गादी जाऊन बरीच वर्षं झाली,
झोप आत्ता गेली.
ते हसले नाहीत.
चार स्क्रू, दोन सळ्या, माझ्याच कमरेच्या हाडाचा चुरा.
"मी फक्त धरून ठेवणार," म्हणाले, "जुळायचं काम हाडाचं.
आणि हाडाला तंबाखू चालत नाही."

सहा आठवडे आधी सिगारेट सुटली.
सहा आठवडे मी मॉइराशी धड बोललो नाही.
ती घर उचलत होती:
बटाटे तळच्या कप्प्यातून ओट्यावर,
मोजे, किटली, रेडिओ, सगळं कमरेच्या उंचीला.
टगचं ताटसुद्धा स्टुलावर. कुत्र्याला ते पटलं नाही.
कूस सहज सरकावी म्हणून तिचा साटीनचा जुना गाऊन
माझ्या अंथरुणात आला.
एक लांब चिमटा आणला, टोकाला रबर.
पहिल्या दिवशी मी त्याने तिचं नाक धरलं.
आदल्या रात्री म्हणाली, बूट घालून दाखव,
वाकून. एकदाच.
मी नाड्या बांधल्या. दोघंही गप्प.

शुद्धीवर आलो तर तोंडात जस्ताची चव
आणि पाठीत कुणी कुंपणाचा खांब ठोकत होतं.
लोसा, सामोआची नर्स,
एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली:
"खांदा आणि कंबर एकदम. ओंडक्यासारखं.
पीळ द्यायचा नाही, मिस्टर फेअरली."
उभा राहिलो आणि निघालोच होतो, तिने थोपवलं.
"थांबा. मी धरलंय. पाय तुमचे होईपर्यंत थांबा."

वाकायचं नाही. उचलायचं नाही. वळायचं नाही.
लोक छाती फुगवून सांगतात, मोडेन पण वाकणार नाही.
मी जन्मभर वाकलो, म्हणून मोडलो,
आणि आता हा सक्तीचा ताठपणा.

आधी टपालपेटीपर्यंत. मग फाटकापर्यंत.
सातव्या आठवड्यात, मॅकिवरच्या कुरणात,
एक मेंढी उताणी, अंगभर लोकर, चारी पाय आभाळात.
उताणी मेंढी आपली आपण उठत नाही.
पोट फुगतं, संध्याकाळपर्यंत संपते,
आणि समुद्रपक्षी डोळ्यांपासून सुरुवात करतात.
अशा कितीतरी मी एका हाताने सुलट्या केल्या असतील,
शिवी घालत, चालता चालता.
आता चार फुटांवर उभा, हातात चिमटा.
टगने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे,
मग परत माझ्याकडे.

फोनला रेंज नव्हती.
चाळीस मिनिटं मी पक्षी हाकलले.
माझी सावली तिच्या तोंडावर पडेल असा उभा राहिलो.
तिचा पिवळा डोळा, आडवी बाहुली, माझ्यावर.
मॉइराला न सांगितलेल्या दोन गोष्टी
मी तिला सांगितल्या.

शाळेची बस आली. हिनेवाई उतरली, बारा वर्षांची,
दप्तर रस्त्यातच टाकून तारेखालून घुसली.
"पाय धरून ओढू?"
नाही. खांदा आणि कंबर एकदम. ओंडक्यासारखी.
पीळ देऊ नकोस.
मेंढी उभी राहिली, कलली, पोरीच्या गुडघ्यांवर रेलली.
"सोडू?"
सोडू नकोस, म्हटलं. पाय तिचे होईपर्यंत थांब.

थांबलो तिघंही.
तेलकट लोकरीचा वास आला
आणि माझं मनगट नकळत हिशेब करू लागलं,
कातरीचे अठ्ठेचाळीस हात, फार तर पन्नास.

मग ती निघाली, तिरपी, जरा रागावलेली.

दप्तर तसंच रस्त्यात. ते मला उचलायचं नव्हतं.
त्यातून एक पेन्सिल घरंगळली होती.
ती मी चिमट्याने उचलली.