रेडियमखालचं काळं

तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पुढं, उद्यमबागेच्या वळणावर
बसूचं वॉशिंग सेंटर.
पत्र्याचं छप्पर, एक बोअर, एक प्रेशरगन,
भिंतीवर कन्नडात लिहिलेले दर,
मी नुसत्या आकड्यांवरून वाचतो.

पिकअप लावली. बसूनं बंपरावरून बोट फिरवलं,
बोटाला चुलीतल्या राखेसारखं पांढरं.
"पत्र्याला वरनं रंग मारलेला असतोय, अण्णा.
ह्याला नाही. हे आतनं बाहेरनं एकच काळं की.
उन्हानं वरची साल तेवढी मारलीया."

बारा वर्षं.
कडोलीची रताळी, फ्लॉवर, ढबू मिरची,
चोर्ला घाटातून म्हापशाच्या बाजाराला.
पांढरा पत्रा अजून लग्नाला नेण्यासारखा.
विटलं ते कडेकडेचं: बंपर, चाकांवरच्या कमानी,
आरशांच्या टोप्या, दाराखालची पट्टी.
गाडी जिथं संपते
तिथं ऊन आधी येऊन बसतं.

वर खंडेनवमीच्या हळदीचे चट्टे.
वर पोरानं हौसेनं फासलेलं पत्र्याचं पॉलिश,
खरबरीत खाचांत दह्यासारखं विरजलेलं.
बसूनं जुना टूथब्रश काढला, साबणाचं पाणी.
मीही एक ब्रश घेतला, नुसतं बसून काय करू?
माझा हात जोरात चालायला लागला
तसा तो म्हणाला, "निधान, अण्णा, निधान."
त्याच्या भाषेत त्याचा अर्थ सावकाश.
आमच्या आजोबाच्या पोथीत निधान म्हणजे
जमिनीत पुरलेला ठेवा.
मी सावकाश घासलं.

बंपर वाळला आणि ते वर आलं.
डाव्या दिव्याखाली, राखाडीवर काळं:
निंगू.

खडेबाजारात दोघांनी मिळून कापून घेतली होती अक्षरं,
भरमू डाव्या दिव्याखाली की उजव्या, यावर अर्धा तास वाद,
मग एकेक चहा.
नऊ वर्षं दोन्ही नावं घाट चढली.
मग एका टायरचा हिशेब. एका टायरचा!
आणि मी ब्लेडनं त्याचं रेडियम खरवडलं,
माझं ठेवलं.
आता माझं लिंबाच्या सालीसारखं फिकं, कोपरे उचललेलं,
त्याचं काढलेलं, म्हणून ठळक.
नऊ वर्षं तेवढ्या जागेला ऊनच लागलं नव्हतं.
निपाणीला असतो म्हणे, तंबाखूच्या वखारीत.
असेल.

बसूनं मागच्या कमानीवर हात दाखवून दिला:
अर्धी राखाडी, अर्धी
मार्कंडेयच्या पात्रातल्या ओल्या दगडासारखी.
"हे कोटिंग. दोन वर्षं बघायला नको.
एकदा मारलं की सगळं एकसारखं."
"आणि ते?"
"ते खोबरेल. पंधरा दिवस. धूळ धरतंय."
"धरू दे."
"पाण्यानं उतरतंय."
"उतरू दे. मागं कोटिंग मार, आरशांना मार,
बंपराला तेल."

त्यानं माझ्याकडं बघितलं,
एवढी रताळी विकून हा असला चिकट.
बघू दे.

फडकं फिरलं. अक्षरं काळ्यात शिरली,
आधी अनुस्वार, मग ग,
उकाराची शेपटी तेवढी मिनिटभर राहिली
बसूच्या अंगठ्याखाली.
मग सगळा बंपर एकसारखा, नवा,
कुणाचाच नसल्यासारखा.

पैसे दिले. गाडीत बसलो.
केबिनीत खोबरेलाचा वास,
आंघोळीआधीच्या लहान पोराच्या डोक्याचा.
पंधरा दिवस म्हणजे म्हापशाच्या पाच खेपा.
जांबोटीच्या पुढं चहाला थांबलं की
उतरून समोर जाऊन बघायचं.